पायाचे जुने शिलाई मशीन भंगारात घालण्याआधी हे वाचा. वाकळ शिवायला अजून दणकट

विश्रामबाग (सांगली), प्रतिनिधी : मिरज, पलूस, वाळवा, तासगाव भागात बऱ्याच घरांच्या सोप्यात आजीच्या काळातले पायाचे शिलाई मशीन धूळ खात पडलेले असते. एक दिवस भंगारवाला ते किलोवर घेऊन जातो. पण बिडाचे हे मशीन सहसा मोडत नाही, जुन्या घट्ट तेलाने नुसते अडकून बसते. साफसफाई, तेल, नवी सुई आणि पट्टा एवढ्यावर बहुतेक मशीन चालू होते. त्याला लाईटही लागत नाही.

सुटे भाग मिळतात का?
पूर्वी सिंगर मशीन स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यात बनायचे. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. आपल्याकडे १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा मशीन बनू लागले. गोल बॉबिनच्या साध्या मशीनची सुई, बॉबिन, पट्टा आजही शिलाई सामानाच्या दुकानात मिळतो. होडीसारखे लांब शटल असेल तर मात्र त्याची बॉबिन जपून ठेवा, ती सहज मिळत नाही.

मशीन मोकळे कसे करावे?
चाक जोराने फिरवू नका. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा, रात्रभर ठेवा, मग चाक हळूहळू पुढे-मागे हलवा. सुटल्यावर काळा मळ फडक्याने पुसून शिलाई मशीनचे पातळ तेल घाला. हे काम चुलीपासून लांब करा. खोबरेल, शेंगतेल किंवा गाडीचे ऑईल घालू नये, ते चिकट होऊन मशीन पुन्हा धरते. अंगावरची सोनेरी नक्षी थिनर किंवा स्पिरिटने पुसली की निघून जाते.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखे मशीन पाण्यात बुडाले असेल, तर आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवा, उन्हात वाळवा आणि मग तेलात दोन-चार दिवस मुरू द्या.

पट्टा आणि सुई
पट्टा सैल असेल तर पायडल चालते पण चाक घसरते. थोडा कापून पुन्हा तारेने जोडा. फार ताणला तर पाय भरून येतात. वाकळेला १६ नंबरची सुई, थर जाड असतील तर १८ नंबरची. सुईची लांब खाच ज्या बाजूला, त्याच बाजूने दोरा ओवायचा. उलटी बसली तर टाके सुटतात.

वाकळ शिवताना
जुनी लुगडी, धोतरे धुऊन, वाळवून घ्या. थर पसरून आधी हाताने मोठे टाचे घाला, नाहीतर आतले कापड गोळा होते. सुईच्या उजवीकडे मशीनमध्ये वीतभरच जागा असते. म्हणून वाकळेची गुंडाळी करून शिलाई मधून सुरू करा आणि कडेकडे जा. टाका मोठा ठेवा, फुटाचा दाब थोडा कमी करा. पहिला टाका हाताने चाक फिरवून घ्या. कापड मागून ओढू नका. ओढले की सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि मोडते. आधी त्याच थरांच्या तुकड्यावर शिवून बघा. सुई अडत असेल तर थर कमी करा किंवा ती वाकळ हातानेच धावदोऱ्याने शिवा.

बिघाड ओळखा
• खालच्या बाजूला दोऱ्याचे झुपके : दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवा.
• खालचा दोरा सैल की घट्ट : बॉबिन केस दोऱ्याला लोंबकळत धरून हलका झटका द्या. थोडी खाली सरकून थांबली तर बरोबर.
• मशीन खटखट करतंय : शटलभोवती वाकळेचा कापूस-धागा साठलेला असतो. ब्रशने झाडा, एक थेंब तेल द्या.
• दोरा सारखा तुटतो : सुई बोथट किंवा दोरा जुना. आधी सुई बदला.

रोज शिवत असाल तर रोज तेल घाला आणि नंतर रद्दी कापडावर चार ओळी शिवा, म्हणजे वाकळेला डाग पडत नाही. वापर नसला तरी महिन्यातून एकदा पायडल मारावे. एवढे करूनही चाक हललेच नाही, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तालुक्याच्या गावातल्या जुन्या मशीन मिस्त्रीला एकदा दाखवून घ्यावे.