गाढवाचा नांगर : एका शापाचा आणि एका जनावराचा इतिहास (धागा)

१/ ‘गाढवाचा नांगर फिरवला’ हे शब्द कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर उद्ध्वस्त पुणे उभे राहते. पेरणीपूर्वी जमीन उघडणारे अवजार शापाचे साधन कसे झाले? आणि ज्या जनावराला आपण त्या शापाला जुंपले, त्याच जनावरावर इतरत्र लहान शेतकऱ्याचा संसार कसा चालला? मित्रहो, धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ आधी प्रसंग. जुलै १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांची निजामशाही दरबारात, दौलताबादेस, हत्या झाली. जामात शहाजीराजे निजामशाहीतून बाहेर पडले आणि पुणे परगण्यात येऊन त्यांनी आसपासचा निजामशाही व आदिलशाही मुलूख मारला. विजापूरने मुरार जगदेवाला फौज देऊन पाठवले. १६३० च्या सुमारास त्याने कसबे पुणे जाळले, कोट पाडला, वस्तीवर गाढवांचा नांगर फिरवला, भर वाटेत लोखंडी पहार ठोकली आणि तुटकी वहाण टांगली, असे शकावल्या आणि परंपरा सांगतात.

३/ पहार, वहाण आणि गाढव या तिन्ही खुणांचा अर्थ तत्कालीन माणसाला वाचता येत होता. येथे पुन्हा कोणी घर बांधू नये, शेत कसू नये. जो कसेल त्याचे वाटोळे होईल. पुढे लगेचच १६३०-३२ चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. शाप खरा ठरल्याचे लोकांना वाटले असेल, तर त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

४/ जाता जाता : हाच मुरार जगदेव थोड्याच वर्षांनी शहाजीराजांच्या बरोबरीने वावरताना दिसतो. १६३३ च्या ग्रहणपर्वात भीमा-इंद्रायणीच्या संगमावर त्याने हत्तीची तुला केली, हत्तीला नावेत उभे करून वजन काढण्याची युक्ती शहाजीराजांनी सुचवली आणि नागरगावचे ‘तुळापूर’ झाले, अशी आख्यायिका आहे. सतराव्या शतकातील राजकारणात शाप आणि स्नेह यांत फार अंतर नसे.

५/ गाढवाचा नांगर ही मुरार जगदेवाची कल्पना होती काय? मुळीच नाही. ती त्याच्याही सुमारे सतराशे वर्षे आधीची आहे.

६/ भुवनेश्वरजवळ उदयगिरीच्या टेकडीवर हाथीगुंफा नावाची गुहा आहे. तेथे कलिंगराज खारवेलाचा प्राकृत लेख कोरलेला आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानतात. लेख झिजलेला आहे आणि त्याच्या वाचनाविषयी वाद आहेत. तथापि जायसवाल आणि बॅनर्जी यांच्या वाचनानुसार खारवेलाने पिथुंड नावाचे नगर ‘गदभ-नंगला’ने नांगरले. ‘नंगल’ म्हणजे संस्कृत ‘लाङ्गल’ आणि आपला ‘नांगर’. कृतीही तीच, शब्दही तोच.

७/ दक्षिणेकडे वळलो तर संगमकालीन तमिळ वाङ्मयातही हेच आढळते. ‘पुरनानूरु’ या संग्रहातील पंधराव्या कवितेत एका पांड्य राजाचा गौरव होतो तो त्याने शत्रूच्या तटबंद नगरांत गाढवे जुंपून नांगर फिरवला म्हणून. कलिंग, तमिळ देश, दख्खन : भाषा निराळ्या, काळ निराळा, परंतु विजेत्याची खूण एकच.

८/ नगरावर नांगर फिरवण्याची कल्पना रोमनांनाही परिचित होती. ते नगर वसवतानाही बैल आणि गाय जुंपून सीमेचा तास काढीत. (कार्थेज नांगरून त्यावर मीठ पेरले ही सर्वश्रुत गोष्ट मात्र प्राचीन साधनांत नाही, मिठाची भर आधुनिक काळातील आहे. पुढच्या वेळी कोणी सांगितली तर नम्रपणे अडवावे.) भारतीय प्रथेचे वैशिष्ट्य नांगरात नाही, ते जनावराच्या निवडीत आहे. बैल सोडून गाढवच का?

९/ याचे उत्तर ‘गाढव अपवित्र म्हणून’ इतके सोपे नाही. ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या रथाला रासभ, म्हणजे गाढव, जुंपलेला आहे. ऐतरेय ब्राह्मणात देवांच्या शर्यतीत अश्विनीकुमार गाढवांच्या रथानेच जिंकतात. अग्निचयनासाठी माती आणावयाची असते तेव्हा घोडा, गाढव आणि बोकड यांना सोबत नेतात आणि मातीचा भार गाढवावर येतो. कुंभाराच्या दारातल्या गाढवाचे हे अतिशय जुने नाते आहे.

१०/ परंतु त्याच परंपरेत दुसरा धागाही आहे. व्रतभंग केलेल्या ब्रह्मचाऱ्याने प्रायश्चित्त म्हणून रात्री चौरस्त्यावर निर्ऋतीला गाढवाचा बळी द्यावा, असे धर्मशास्त्र सांगते. निर्ऋती म्हणजे विनाशाची, ऱ्हासाची देवता. पुढे ज्येष्ठा, म्हणजेच अलक्ष्मी, हिच्याशीही गाढव जोडले गेले. बैल हा लक्ष्मीच्या बाजूचा, धान्याचा. गाढव अलक्ष्मीच्या बाजूचे. मग गाढवाचा नांगर म्हणजे उलटी पेरणी : जमिनीत दारिद्र्य पेरणे.

११/ महाराष्ट्र आणि कोकणात विखुरलेले ‘गधेगाळ’ याच विचारातून आले. दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याच्या आईच्या नावाने गाढवाची शिवी. अक्षरे न वाचणाऱ्यालाही कळावी म्हणून दगडावर चित्रासह कोरलेली. शिलाहार काळापासून असे दगड सापडतात. अलिबागजवळील आक्षीचा शिलालेख आणि मुंबईतील परळचा शिलालेख ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे. गुन्हा जमीन बळकावणाऱ्याचा आणि विटंबना त्याच्या आईची, हेही नजरेआड करू नये.

१२/ आता प्रतीकांतून बाहेर पडून शिवारात उतरू. एक साधा प्रश्न : मुरार जगदेवाच्या गाढवांनी पुण्याची जमीन खरोखर नांगरली असेल काय?

१३/ दख्खनचा जड लाकडी नांगर काळ्या जमिनीत चालवायला चार, सहा, प्रसंगी आठ बैल लागत. ओढकामाचे जनावर दिवसभर साधारणपणे आपल्या वजनाच्या दहाव्या ते सातव्या हिश्श्याइतका जोर टिकवू शकते. चारशे किलोच्या बैलाचा जोर चाळीस ते पंचावन्न किलोंच्या आसपास येतो. आपल्याकडचे लहान चणीचे गाढव सव्वाशे किलोंचे धरले तर पंधरा-सोळा किलो. म्हणजे बैलांच्या एका जोडीचे काम करायला सहा-सात गाढवे हवीत.

१४/ शिवाय जू कोठे टेकवणार? आपल्या बैलाला वशिंड आहे. जू त्याच्यापुढे मानेवर बसते, दोन्ही बाजूंना शिवळा अडतात आणि सगळा भार खांद्यातून ओढला जातो. गाढवाला वशिंड नाही. बैलाचे जू त्याच्या मानेवर ठेवले तर ते सरकते, घासते, जखम करते. गाढवाला ओढायला लावायचे तर छातीवर रुंद पट्टा किंवा खांद्यावर बसणारे गादीदार कडे लागते. तसा सरंजाम तेथे केला असेल असे मला वाटत नाही.

१५/ म्हणून माझे मत असे की पुण्यावर फिरलेला तो नांगर म्हणजे जळलेल्या मातीवर ओढलेली एक ओरखड होती. त्यातून शेत तयार व्हावे ही अपेक्षाच नव्हती. ते राजकीय नाट्य होते. आणि नाट्याला उत्तर नाट्यानेच मिळाले. जिजाऊ आणि बाल शिवराय पुण्यास आले तेव्हा सोन्याच्या फाळाने जमीन नांगरून शाप उतरवला, असे परंपरा सांगते. सोन्यासारख्या मऊ धातूने मुरूम फुटत नाही. तो फाळही खूणच होता. पण ती खूण पाहून पांगलेली कुळे परतली. पुढचे काम सवलतीच्या साऱ्याने आणि बैलांच्या खऱ्या नांगरांनी केले.

१६/ येथवर गाढव शेतात शोभत नाही असेच वाटेल. आता भूमध्य समुद्राकडे चला.

१७/ पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोल्युमेला गाढवावर प्रसन्न आहे. थोडक्या आणि निकृष्ट चाऱ्यावर जगते, दुर्लक्ष सोसते, रोगाला सहसा बळी पडत नाही, जाते फिरवते. आणि दक्षिण स्पेन किंवा आफ्रिकेतील भुसभुशीत जमिनीत हलका नांगरही ओढते, असे तो नमूद करतो. म्हणजे लहान शेतकऱ्याला हवे ते सगळे.

१८/ त्याचा समकालीन प्लिनी याने एक दृश्य टिपले आहे. आजच्या ट्युनिशियातील बायझॅशियमची जमीन कोरडी असताना बैलांनाही फुटत नाही. पण पाऊस पडून गेल्यावर तीच जमीन एका बाजूला मरतुकडे गाढव आणि दुसऱ्या बाजूला एक म्हातारी मिळून नांगरताना आपण पाहिले, असे तो लिहितो. प्लिनीला सांगायची होती मातीची किमया. मला मात्र त्या म्हातारीपाशी थांबावेसे वाटते. तिच्याकडे दुसरे गाढवही नव्हते. जोडी पुरी करायला ती स्वतः जुवाखाली उभी राहिली. खारवेलाच्या हाती जो शाप होता तो हिच्या हाती घासभर अन्न होता.

१९/ बायबलच्या अनुवाद ग्रंथात बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरू नये अशी आज्ञा आहे. मनाईवरून दोन गोष्टी कळतात : लोक तसे करीत होते, आणि ज्याच्याकडे दोन बैल नव्हते तोच करीत असणार.

२०/ घोड्याची कथा निराळी. फ्रेंच घोडदळातील अधिकारी लफेव्र द नोएत याने १९३१ मध्ये मोठा ग्रंथ लिहून असा सिद्धांत मांडला की प्राचीन काळी घोडा गळ्यावरच्या पट्ट्याने जुंपला जाई, त्याचा श्वास कोंडे आणि म्हणून तो जड ओझे ओढू शकत नसे. गादीदार कड्याने हे बदलले आणि माणसाला गुलामीतून सोडवण्यास हातभार लागला, इथवर त्याने मजल मारली. सिद्धांत आकर्षक होता, पाठ्यपुस्तकांत शिरला.

२१/ पुढे झाँ स्प्रुइत या घोड्यांच्या जाणकाराने प्राचीन चित्रांबरहुकूम साज बनवून प्रत्यक्ष घोडे जुंपले. श्वास कोंडला नाही! नोएतने दोन भिन्न साजांची सरमिसळ केली होती. कड्याचे महत्त्व यामुळे नाहीसे होत नाही. चीनमधून आलेली ही सोय नवव्या-दहाव्या शतकापासून युरोपात दिसते आणि घोडा नांगराला लागतो. पण प्रयोग करून पाहणारा एक माणूस किती पुस्तके दुरुस्त करू शकतो, याचे हे सुरेख उदाहरण.

२२/ मग घोड्याने बैलाला लगेच हटवले काय? नाही. तेराव्या शतकातील इंग्लंडमध्ये वॉल्टर ऑफ हेन्ली याने जहागीरदारांना बैलच ठेवण्याचा सल्ला दिला. घोड्याला ओट लागतात, नाल लागतात. आणि बैल म्हातारा झाला की खाता येतो, घोड्याचे उरते ते केवळ कातडे.

२३/ जॉन लँग्डन यांनी १९८६ मध्ये इंग्लंडच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा उलटेच चित्र दिसले. जहागीरदार बैलांना चिकटून राहिले. घोडा आधी स्वीकारला तो लहान शेतकऱ्यांनी. कारण त्याला नांगरायला, कुळवायला, बाजारात धान्य न्यायला आणि परत यायला एकच जनावर पुरे. खाणारे तोंड एक, कामे चार. म्हातारे, स्वस्त घोडे विकत घेऊन ते काम भागवीत.

२४/ आपल्याकडे घोडा नांगराला का लागला नाही, असा प्रश्न येथे येणारच. घोडा होता, भीमेच्या काठचे भीमथडी तट्टू तर मराठी फौजेचा कणा. पण त्याची जागा पागेत आणि मोहिमेवर. बैल कडब्यावर राबतो, उन्हाला टिकतो, गाय तो घरच्या घरी देते आणि वशिंडामुळे साध्या लाकडी जुवावर काम भागते. चालू व्यवस्था स्वस्तात चालत असताना शेतकरी ती मोडत नाही.

२५/ गाढव मात्र आपल्या शिवाराच्या कडेने राबतच राहिले. कुंभाराची माती, परिटाचे कपडे, वीटभट्टीवरील विटा, वडार समाजाने उपसलेली तळ्या-बंधाऱ्यांची माती : हे सारे त्याच्या पाठीवरून गेले. ज्या धरणा-तलावांच्या पाण्यावर बैलाचा नांगर चालला, त्यांच्या भरावात गाढवाचे श्रम आहेत. जनावराला चिकटलेली हीनता ते राखणाऱ्या माणसांनाही चिकटली, आणि ती दगडावरच्या शिवीइतकीच टिकाऊ निघाली.

२६/ आफ्रिकेत, सेनेगल, बुर्किना फासो, मोरोक्कोसारख्या देशांत, वालुकामय हलक्या जमिनीत गाढवाचा नांगर आजही चालतो. दुष्काळात बैल आधी मरतात, गाढव तगून राहते. त्या शिवारात कोणी ‘गाढवाचा नांगर फिरला’ म्हटले तर ऐकणारा विचारील : पेरणी झाली का?

२७/ आपल्याकडे २०१२ च्या पशुगणनेत देशभरात सुमारे ३.२ लाख गाढवे होती. २०१९ मध्ये उरली सुमारे १.२ लाख. पौष पौर्णिमेला जेजुरीत आणि रंगपंचमीच्या सुमारास मढीला गाढवांचा बाजार भरतो. इतिहासाची आवड असणाऱ्याने एकदा तेथे जावे, विकणाऱ्यांशी बोलावे, आणि गाढवाच्या खांद्यावर कड्याची जागा नेमकी कोठे येते ते हात लावून पाहावे.