बृहदीश्वर : सूर्योदयापूर्वी
तंजावरच्या बृहदीश्वराचे छायाचित्र घ्यावयाचे तर सूर्योदयापूर्वी. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेले सुमारे दोनशे फुटी विमान त्या मंद उजेडात अखंड दिसते. उन्हात त्याचे छायेने तुकडे पडतात. शिलालेखाला मात्र हा उजेड मानवत नाही. अक्षर उठावयास तिरपे ऊनच हवे. मद्रास सरकारचा छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप (तोही सरकारी चाकरीतलाच!) याने १८५८ मध्ये जोत्यावरील तामीळ लेख एकवीस चित्रे जोडून सलग टिपला. तीनच वर्षांपूर्वी, १८५५ त, तंजावरचे भोसले घराणे निपुत्रिक ठरवून कंपनीने राज्य खालसा केले होते. सरफोजींनी १८०३ मध्ये कोरविलेला त्या घराण्याचा मराठी इतिहास याच आवारात आहे. तेव्हा विमान टिपून झाले तरी कॅमेरा मिटू नये. त्या भिंतीवर ऊन तिरपे उतरेपर्यंत थांबावे.