वर्तणूक : चांगली

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना आहे, 'वर्तणूक'. त्यापुढे लिहिलंय, 'चांगली'. तुमच्याही दाखल्यावर बहुतेक हेच असेल. आता ऑफिसात रोज ऐकतो, "ॲप नीट बिहेव करत नाहीये." म्हणजे आम्ही ठरवलं तसं ते वागत नाही. ठरवणारे आम्ही.

इंग्रजी 'बिहेव' हा 'हॅव'पासून बनलेला शब्द. मुळात स्वतःला सांभाळणं, धरून राहणं. मराठीत 'वागणे'पासून 'वागवणे' होतं, आणि त्याचे अर्थ दोन. माणसाला कसं वागवता, आणि ओझं अंगावर वागवणं. जव्हार-मोखाड्याच्या आसपासच्या डोंगरांत हे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या वाट्याला आले.

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची वर्तणूक जन्मावरून ठरवली. पुढे १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ११० होतं. सराईत ठरवलेल्या माणसाकडून, नवा गुन्हा सिद्ध नसतानाही, चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागता यायचा.

कागदाबाहेरचं मोजमाप अजून सोपं होतं. जव्हार १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचं संस्थान. शेजारच्या डहाणू-उंबरगावात ब्रिटिश अंमल. तिथला वारली लग्नासाठी कर्ज काढायचा आणि ते फेडायला नवराबायको सावकाराकडे वर्षानुवर्षं राबायचे. याला लग्नगडी म्हणत. चांगला गडी म्हणजे न बोलता राबणारा.

मे १९४५मध्ये झरी गावी हजारो वारली जमले. वेठ करणार नाही, दिवसाला बारा आणे मजुरी हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. काल 'नीट वागणारे' आज 'बंडखोर' झाले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच जण गेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा लढा आहे. जरूर वाचा.

गुन्हेगार जमाती कायदा १९५२मध्ये गेला. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली. चांगल्या वर्तणुकीचा जामीन मात्र आहे. २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तो कलम १२९ म्हणून आलाय.

दाखला परत काढून पाहिला. पोर कसं वागलं याला रकाना आहे. पोराला कसं वागवलं, याला नाही.