'तुंबाड' : एका भयकथेचा प्रवास



'तुंबाड' हा चित्रपट हिंदी आहे. परंतु त्याचे मूळ शोधू गेल्यास ते मराठी वाचनालयाच्या एका फळीवर सापडते. ती फळी नारायण धारपांची. १९२५ साली जन्मलेल्या धारपांनी विपुल भयकथा लिहिल्या. त्यांची पुस्तके हातोहात फिरून खिळखिळी झाली. पण टीकाकारांनी त्यांची दखल घेतली ती बेताचीच.

त्यांची 'आजी' ही कथा अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या 'ग्रॅमा' या कथेवर बेतलेली. राही अनिल बर्वे यांनी १९९३ साली ती नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राच्या तोंडून ऐकली. १९९७ मध्ये पहिला खर्डा झाला. २०१२ मध्ये केलेले चित्रीकरण मनासारखे उतरले नाही, म्हणून पुन्हा लेखन व पुन्हा चित्रीकरण झाले. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून सुचले. कथानक मात्र तिचे नव्हे.

उसनी भीती अशा रीतीने घरची झाली. पण ती घरची झाली कशामुळे? आमच्या मते, हस्तरमुळे. समृद्धीच्या देवीचा हा थोरला पुत्र. याने आईचे सारे सोने बळकावले. धान्याला हात घालताच इतर देवांनी त्याला अडवले. तेव्हापासून तो सोन्याने लडबडलेला आणि भुकेने व्याकूळ आहे. कणकेची बाहुली दिसताच तो धावतो आणि तेवढ्यात माणूस त्याच्या लंगोटातील मोहरा लुटतो. अठरा पुराणांत ही कथा नाही. ती चित्रपटकर्त्यांनी रचली. परंतु पाऊस चुकला म्हणजे धान्याची किंमत काय होते, हे सुपे-पारनेरच्या माणसाला पुराणातून शिकावे लागत नाही. तुंबाडात पाऊस खळत नाही, तरी तेथील माणसाची हाव भागत नाही, हेच त्यातले खरे भय.

२०१८ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला. १२ ऑक्टोबरला तो आपल्याकडे लागला. छायाचित्रण, कलादिग्दर्शन व ध्वनी यांसाठी फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. चित्रपटगृहांतील प्रतिसाद मात्र माफकच राहिला. पुढे लोकांनी तो घरबसल्या पाहिला, एकाने दुसऱ्याला सांगितला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या खेपेहून अधिक उत्पन्न झाले. घरी पाहता येणारे चित्र लोकांनी तिकीट काढून पाहिले, याहून मोठी दाद कोणती?

धारप २००८ साली निवर्तले. त्यांना यातले काहीच पाहता आले नाही. कलाकृतीला उशिरा न्याय मिळू शकतो. लेखकाला तेवढी सवड नसते. म्हणून आमचे एवढेच मागणे, की गावच्या वाचनालयातील त्या खिळखिळ्या पुस्तकांना रद्दीची वाट दाखवण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावीत.