हार्डडिस्कवरून पेटलेलं बिटकॉइनचं भांडण

बिटकॉइन म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रश्न. भाव किती झाला आणि टॅक्स किती लागतो? पण २०१५ ते २०१७ या काळात बिटकॉइनवाले आपापसात भांडले ते तिसऱ्याच गोष्टीवरून. हिशोबाची वही सांभाळायचा खर्च कुणी करायचा?

ही वही ज्या कॉम्प्युटरवर असते तो नोड. प्रत्येक व्यवहार नियमात बसतो का, हे तो स्वतः तपासतो. मायनरला नवी नाणी मिळतात, फी मिळते. नोडवाल्याला छदामही नाही. डिस्क त्याची, इंटरनेट त्याचं, वीज त्याची. (विजेचा बाऊ मात्र उगाच होतो. प्रचंड वीज खातात ते मायनर. १० वॉटचं छोटं यंत्र महिनाभर अखंड चाललं तरी ७ युनिटच्या आसपास जातात.) खरा भार डिस्कचा. आणि इतर नोडना जुना हिशोब पुरवत बसलं तर महिन्याला २०० जीबी अपलोड सहज होतं.

२०१० मध्ये सातोशी नाकामोटोने फारसा गाजावाजा न करता ब्लॉकला १ एमबीची मर्यादा घातली. दर १० मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ५२ जीबी. घरच्या कॉम्प्युटरला झेपेल असं. पुढे गर्दी वाढली. २०१५ मध्ये गॅविन अँड्रेसन आणि माइक हर्न यांनी 'बिटकॉइन एक्सटी' आणलं. ब्लॉक ८ एमबीचा करा, मग दर दोन वर्षांनी दुप्पट, थेट ८ जीबीपर्यंत!

आता गुणाकार करून बघा. दिवसाला हजार जीबीच्या वर. घरी कोण ठेवणार? म्हणजे वही बड्या कंपन्यांकडे आणि बाकीच्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवायचा. बँक नको म्हणून निघालेली मंडळी पुन्हा बँकेच्याच दारात. मला विरोधकांचं हे म्हणणं पटतं. पण दुसरी बाजूही खोटी नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये एका व्यवहाराची सरासरी फी ५० डॉलरच्या वर गेली. नोड स्वस्त, पण चहाचे पैसे द्यायला ५० डॉलर, हा कुठला न्याय?

१ ऑगस्ट २०१७ ला मोठ्या ब्लॉकवाले 'बिटकॉइन कॅश' घेऊन वेगळे झाले. उरलेल्यांनी त्याच महिन्यात 'सेगविट' लागू केलं, सह्यांची मोजणी बदलली आणि ब्लॉक तसाही १ एमबीच्या पुढे गेलाच. २०२३ पासून लोक त्याच जागेत चित्रं कोंबायला लागले. आज वही ६०० जीबीच्या पुढे आहे. ज्यांनी हौसेने ५०० जीबीची डिस्क लावली होती त्यांनी एकतर मोठी घेतली, नाहीतर ब्लॉक तपासून झाले की जुने पुसून टाकायची सोय वापरली.