वाचनालयाचा संगणक: लॉगिनचा पडदा आला नाही तर

आपल्या वाचनालयातील संगणकावर डेबियन लिनक्स आहे. काळ्या पडद्यावर नुसते 'लॉगिन' दिसले, तर यंत्र बिघडले असे समजू नये. बहुधा चित्रमय लॉगिन दाखवणारा 'लाइटडीएम' सुरू झालेला नसतो. फाइली जागेवरच असतात. कार्यकारिणीच्या खात्याने आत जावे. पासवर्डची अक्षरे दिसत नाहीत, घाबरू नये. मग या आज्ञा रोमन लिपीत द्याव्यात:

१. 'सुडो सिस्टिमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल डॉट टार्गेट': दर वेळी चित्रमय पडदाच यावा यासाठी.

२. 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लाइटडीएम': यादी आल्यास लाइटडीएम निवडावा.

३. 'सुडो रीबूट'.

पासवर्डशिवाय आपोआप लॉगिनची सोय आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही. सभासदांचे पत्ते, फोन त्याच यंत्रात आहेत.