सुईच्या टोकावरची देवनागरी

मराठी अक्षराचा इतिहास सांगताना आपण बोरू, शिळाछाप, शिशाचे खिळे आणि संगणक असे टप्पे मोजतो. कापडावरचे अक्षर या मोजदादीत येत नाही. रुखवतात मांडलेल्या अभ्र्यावरची वधूवरांची नावे, चौकटीतले ‘सुस्वागतम्’, दिंडीच्या पताकेवरचा गजर ही अक्षरे कुणा टंककाराने घडविलेली नव्हती. भरतकाम करणारी बाई ती पेन्सिलीने कापडावर स्वतः रेखाटी, दोऱ्याला झेपेल तेवढे वळण ठेवी आणि न झेपणारे सोडून देई. अक्षर आणि साधन यांचा मेळ तिच्या हातातच बसत असे.

यंत्राने हा मेळ मोडला. निदान देवनागरीपुरता तरी मोडला, असे आम्हांला वाटते. स्वित्झर्लंडच्या इझाक ग्र्योब्लीने १८६३ साली शिफ्ली यंत्र रचले, तेव्हा सहापट मोठ्या रेखाटनावरून माणूस हाताने काटा फिरवी आणि सुया त्याबरहुकूम चालत. पुढे माणसाच्या जागी छिद्रे पाडलेली कागदी पट्टी आली. पट्टी गेली, संगणक आला, तरी भरतकामासाठी अक्षर वा नक्षी टाक्यांत बसविण्याला आजही या धंद्यात ‘पंचिंग’च म्हणतात. खिळा ओतण्यापूर्वी पोलादावर कोरायच्या अक्षराचे नावही ‘पंच’च. दोन्ही ठिकाणी त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. पण ओतशाळेतला कारागीर आणि पंचिंग करणारा यांच्यापुढचा प्रश्न मात्र एकच आहे.

कामोठ्याचे उदाहरण घेऊ. पनवेल तालुक्यातले हे जुने गाव सिडकोच्या आराखड्यात नोड झाले आणि २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत मोडते. वैद्यकीय महाविद्यालय, शाळा, गणेशोत्सव मंडळे असलेल्या अशा वस्तीत कापडावर नाव घालून घेण्याची निकड सतत असते : एप्रनवर, गणवेशाच्या खिशावर, टोपीवर. एप्रनवर बहुधा रोमन लिपी येते आणि काम सुरळीत पार पडते, कारण यंत्रासोबत येणाऱ्या तयार वर्णमाला मुख्यतः रोमनच असतात. टोपीवर मराठी हवे, की अडचण सुरू होते.

पहिली अडचण जोडणीची. युनिकोडमध्ये ‘निशा’ हा शब्द न, ह्रस्व वेलांटी, श, काना या क्रमाने साठवला जातो. वेलांटी न च्या आधी दाखविणे हे अक्षरजुळणी करणाऱ्या प्रणालीचे काम. ज्या सॉफ्टवेअरला ते येत नाही, ते साठवणीच्या क्रमानेच टाके घालते आणि शर्टावर ‘नशिा’ उमटते. गंमत अशी, की १९५३ च्या लखनौ येथील लिपिसुधार परिषदेने ह्रस्व वेलांटी उजवीकडेच द्यावी, अशी शिफारस केली होती. काही वर्षांतच ती मागे घ्यावी लागली. विद्वानांच्या परिषदेला जे लोकांच्या गळी उतरविता आले नाही, ते सॉफ्टवेअर अज्ञानाने करून टाकते! म्हणूनच अनेक ठिकाणी आजही जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट वापरले जातात. त्यांत प्रत्येक तुकडा रोमन कळेच्या जागी बसवलेला असल्याने यंत्र फसत नाही. मात्र जोडाक्षर तुकड्यातुकड्यांनी जुळवावे लागते.

हे तुकडे जुळवणे मुंबईच्या छापखान्यांना नवे नव्हते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमने देवनागरीचे खिळे पाडले. तिथेच हात बसलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये स्वतःची ओतशाळा आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्या कोरीव कामाने निर्णयसागरचा टाइप नावारूपाला आला. त्यांनी लिपी छाटली नाही; शिशाला पेलेल असे अक्षर कोरले. दुसरी वाट लिपीलाच आवरण्याची : टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या घटविण्याचा खटाटोप केला, सावरकरांनी अ ची बाराखडी पुरस्कारिली. त्या वाटेमागचा व्यवहार आम्ही नाकारीत नाही, पण टिकले ते आरूंचे.

दोऱ्याच्या बाबतीतही आरूंचीच वाट घ्यावी लागते. नेहमीचा चाळीस नंबरचा दोरा सुमारे ०.४ मिलिमीटर जागा घेतो. रेघ एक मिलिमीटरहून बारीक झाली, की सॅटिनचा टाका नीट बसत नाही. बोरूच्या कापाची जाड-बारीक वळणे असलेले देखणे फॉन्ट म्हणूनच लहान आकारात हरतात. एक टाइप या मुंबईच्या संस्थेच्या ‘मुक्त’सारखा सम जाडीचा, मोकळ्या पोटांचा फॉन्ट तरतो. त्यात वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, म्हणजे ओळीच्या उंचीत मुख्य अक्षराला जेमतेम निम्मी जागा उरते. रोमनमध्ये वाचनीय ठरणारी पाच मिलिमीटरची उंची मराठीला कशी पुरावी?

शिरोरेषेचे दुखणे आणखी वेगळे. टाका ज्या दिशेने पडतो त्या दिशेने कापड आकसते. आडव्या रेषेवर टाके उभे पडतात, त्यामुळे ती अरुंद होते आणि अक्षरांच्या दांड्यांपासून सुटते. फॉन्टमधले प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते. जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढतात तिथे गाठीसारखा उंचवटा येतो. जाणता पंचिंगवाला हे तुकडे काढून टाकतो, अक्षरे आधी भरतो आणि शेवटी सबंध शब्दावर, खाली आधाराचे टाके देऊन, एकच रेषा ओढतो. मोडी लिहिणारे याच्या उलट करीत; आधी पानभर रेघ, मग तिला लोंबणारी अक्षरे. हात न उचलता लिहिण्यासाठी घडलेली मोडी सुईलाही मानवेल, कारण प्रत्येक उडीला दोरा कापावा लागतो. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली आहेच.

उरतो प्रश्न ल आणि श यांचा. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीसाठी ठरवून दिले. कित्येक फॉन्टांत मराठी व हिंदी अशी दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितले तरच मराठी रूप पुढे येते. भरतकामाच्या सॉफ्टवेअरला भाषेचा पत्ता नसतो. ते पहिले सापडेल ते रूप उचलते, आणि ‘शीतल’ नावाची मुलगी दंडाचा ल व गाठीचा श मिरवीत शाळेत जाते. ही चूक मागाहून शोधून बदलता येत नाही. ताजिमाच्या डीएसटी फाइलीत अक्षर नसतेच. असतात फक्त सुईच्या हालचाली, उड्या आणि रंगबदल. एकदा पंच झालेला ल मराठी करायचा, तर तो पुन्हा पहिल्या टाक्यापासून पंच करावा लागतो.